विकायचं तेल, खायचं तेल

वाटूर फाट्यावरून मंठ्याकडे वळलं की डाव्या हाताला पत्र्याचं एक शेड लागतं. त्याच्या पाटीवर हिरव्या ठळक अक्षरांत लिहिलंय, 'पायल नाष्टा सेंटर', आणि खाली बारीक अक्षरांत, 'शुद्ध व सात्त्विक'. मच्छिंद्रला त्यापुढं 'आरोग्यदायी' असंही टाकायचं होतं. पण पेंटर अक्षरामागं पैसे घेत होता आणि शब्द लांबलचक निघाला. म्हणून आरोग्य राहून गेलं.

पायल म्हणजे मच्छिंद्रची एकुलती एक लेक. पाटीवर तिचं नाव होतं, पण पाटीखालच्या कढईतलं एक भजं तिनं पंधरा वर्षांत जिभेला लावलं नव्हतं. तिनंच काय, तिच्या आईनं, दैवशालानंही लावलं नव्हतं. आणि खुद्द मालकानं तर शपथच घेतली होती. शेडच्या मागं पन्नास पावलांवर त्यांचं घर. हॉटेलातला एक तुकडाही तेवढी पन्नास पावलं चालून घरात येता कामा नये, असा मच्छिंद्रचा दंडक होता.

त्याला कारण होतं, आणि ते कढईत होतं. कढई सकाळी सहाला पेटायची ती दिवेलागणीपर्यंत. तेल सुटं, डब्यानं आणलेलं, बाजारात त्या दिवशी जे सगळ्यात स्वस्त असेल ते. बहुतेक करून पामतेल. कमी झालं की वरून भर घालायची. संध्याकाळी उरलेलं फडक्यातून गाळून डब्यात, सकाळी डब्यातून पुन्हा कढईत. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, कढई रिकामी व्हायची. ती चिंचेनं घासायची, तिला हळदीकुंकू लावायचं, झाऱ्याशेजारी पाटावर मांडून नारळ फोडायचा. दसरा उलटला की तेच तेल परत आपल्या जागी. "हत्यार हाय ते आपलं, त्याचा मान ठिवावा लागतो," मच्छिंद्र म्हणायचा. खाणाऱ्याच्या काळजाचा मान कोणत्या नवमीला ठेवायचा, ते पंचांगात दिलेलं नसावं.

खाणारेही काही कमी नव्हते. प्रत्येक भजं वर्तमानपत्राच्या कागदात दाबायचे, कागद पारदर्शक झाला की समाधानानं बघायचे आणि मग खायचे. तेल कागदात गेलं, शाई भज्यात आली, हिशेब बराबर. एक मास्तर यायचे, त्यांना साखरेचा आजार. ते चहा बिनसाखरेचा घ्यायचे आणि त्याच्यासोबत दोन प्लेट भजी. "पथ्य म्हणजे पथ्य," असं वर म्हणायचे.

आणि गल्ल्यावर बसून मच्छिंद्र या सगळ्यांना तेलावर प्रवचन द्यायचा. तेलाबद्दल त्याला नाही म्हटलं तरी फार माहिती होती. मोबाइलवर जेवढे व्हिडिओ येत तेवढे तो बघायचा. रिफाइंड तेल कशानं धुतात, पामतेल हिवाळ्यात का गोठतं, पाकिटावर लाल काळीज काढलं म्हणून आतलं तेल काळजाला चांगलं असतंच असं नाही, एकदा तापवलेलं तेल दुसऱ्यांदा तापवलं की त्याचं काय होतं, सगळं त्याला तोंडपाठ. "अहो, तेच तेल परत परत तळलं ना, की त्याचं बिलकुल जहर होतं जहर," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. गिऱ्हाईक मान डोलावून म्हणायचं, "खरंय. आणखी एक प्लेट सांगा." लबाडी म्हणावी तर तो बोलत होता ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

घरात मात्र कारभार वेगळा. नऊ एकर रानापैकी दीड एकरात दरसाल करडई. काटेरी पीक, कापायला मजूर मिळत नाहीत, भाव नाही, शेजारपाजारचे सगळे सोयाबीनवर गेलेले. पण मच्छिंद्र हातापायाला फडकी गुंडाळून स्वतः कापायचा. मग मंठ्याच्या लाकडी घाण्यावर पोती घेऊन जायचा आणि तेल निघेपर्यंत घाण्याजवळून हलायचा नाही. लोकांवर विश्वास कसा ठेवायचा? लोक भेसळ करतात. ते तेल डब्यात भरून तो देवघराच्या खोलीत कुलपात ठेवायचा. डब्यावर पायलच्या हातानं खडूनं साल लिहून घ्यायचा.

तशी ही काही मच्छिंद्रनं काढलेली नवी रीत नव्हती. विकायचं वेगळं आणि खायचं वेगळं, हे या भागात पोराला चालायच्या आधी कळतं. बाजाराच्या वांग्यावर तीन फवारे, घरामागच्या चार झाडांवर नुसती राख. तोही तेच करत होता, फक्त तळून. आपण पाप करतोय असं त्याला कधी वाटलं नाही. बाहेरची माणसं म्हणजे गिऱ्हाईक आणि आतली माणसं म्हणजे माणसं, एवढी साधी वाटणी होती.

पायल पंचवीस वर्षांची झाली. औषधांचं शिकली, परतूरला एका मेडिकलवर कामाला लागली, आणि तिला स्थळं यायला लागली. तीन स्थळं आली आणि तिन्ही बापानं मोडली. पहिल्या घरी पुरणपोळीवर वनस्पती तूप वाढलं. दुसऱ्या घरी मच्छिंद्र पाणी मागायच्या मिषानं स्वयंपाकघरात डोकावला आणि त्याला फडताळात सुट्या तेलाची कळशी दिसली. तिसरा पोरगा बघायला आला तो खिशातून पुडी काढून तळलेल्या चकत्या खात होता. "माझ्या लेकीला असल्या घरात देऊ? ती काय जड झाल्ती का मला?" असं म्हणून मच्छिंद्रनं नारळ परत पाठवले.

तिसऱ्या खेपेला पायल बापासमोर येऊन उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "आप्पा, आता एकदाच. पुढच्या येळंला तुम्ही तेलावरून मोडलं तर मी परत कुणासमोर पाटावर बसणार न्हाई. मंग ऱ्हाते इथंच, तुमच्या डब्याला कुलूप लावीत."

मच्छिंद्र हसला, पण रात्री त्याला जेवण गेलं नाही. पोरीचा स्वभाव त्याला ठाऊक होता. बोलली म्हणजे करणारच.

पुढचं स्थळ अण्णासाहेबांनी आणलं. अण्णासाहेब अंबडच्या कोर्टातले निवृत्त हेडक्लार्क, आयुष्यभर घटस्फोटाच्या फायली सांभाळलेले. आता पुण्य लागावं म्हणून लग्नं जमवायचे. मुलगा देवानंद, एकोणतीस वर्षांचा, मंठ्याला बँकेत. घर अंबडजवळच्या खेड्यात, बारा एकर बागायत. तो स्वतः नोकरीसाठी परतूरला खोली करून एकटा राहत होता. वडील बद्रीनाथ, बोलायला रोखठोक पण मनानं मोठा माणूस. फोनवर पायल आणि देवानंद बोलायला लागले आणि महिनाभरात पायल एकटीच हसायला लागली. दैवशालाला ते दिसलं. मच्छिंद्रलाही दिसलं, म्हणून तो जास्तच सावध झाला.

"कुंडली नको," तो अण्णासाहेबांना म्हणाला. "पोराच्या रक्ताचा रिपोर्ट पाहिजे."

"रक्ताचा? अहो मच्छिंद्रराव, लग्न लावून राह्यलो का आपरेशन?"

"कुंडलीतला मंगळ शांती करून जातो. रक्तातली चरबी जाती का?"

पोराकडच्यांनी खळखळ न करता रिपोर्ट दिला. पायलनं तो वाचला आणि घडी घालून टेबलावर ठेवला. तिचा चेहरा बघूनच मच्छिंद्रनं ताडलं. तो कागद घेऊन थेट मंठ्याच्या डॉक्टरकडं गेला. डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "घाबरायचं काही नाही, पण या वयाला एवढी चरबी बरी नव्हे. दारू पितो का? नाही ना? मग रोज बाहेरचं तळलेलं खात असणार. ते हॉटेलवाले तेच तेल उकळत बसतात, बघा. बंद केलं की सहा महिन्यांत उतरेल. नाही केलं तर पस्तिशीत माझ्याकडं येईल, नाहीतर मोठ्या दवाखान्यात."

मच्छिंद्रचं डोकं सणकलं. घरी येताच दैवशाला आणि पायल दोघींसमोर त्यानं देवानंदला फोन लावला, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"पाव्हणं, खरं सांगा. नाष्टा कुठं करता? कोण हरामखोर तुम्हाला असलं तेल चारून राह्यलाय?"

पलीकडं देवानंद थोडा चाचरला, मग हसला. "मामा, तुमच्याकडंच की. सात वर्षं झाले. खोलीवर कुणी करणारं न्हाई, मंग सकाळी मंठ्याला जाता जाता फाट्यावर थांबतो. दोन प्लेट भजे रोजचे. तुमच्या कढईवरच्या बबलूभाऊला विचारा. म्हणून तर स्थळ आल्यावर मला भारी वाटलं. म्हणलं, आपल्याच माणसाचं घर हाय."

मच्छिंद्रनं "रेंज न्हाई" असं म्हणून फोन ठेवला. फाट्यावर टॉवर उभा होता, चुलत भावाच्या रानात, घरातून दिसायचा.

सात वर्षं. तो गल्ल्यावर बसायचा, पण बसल्या जागेवरून त्याला गिऱ्हाइकाचा हात दिसायचा, नोट दिसायची. तोंडाकडं कोण बघतंय? फोटो बघताना हा चेहरा कुठंतरी पाहिलाय असं त्याला वाटलं होतं, आणि त्यानं तो शुभशकुन मानला होता.

दैवशाला भाजी निवडता निवडता म्हणाली, "घ्या. सापडला हरामखोर."

त्यानं तरी अण्णासाहेबांना फोन करून बघितलं. पोरगा बाहेरचं खातो, असं म्हणाला. अण्णासाहेब खो खो हसले. "अहो, बाहेरचं कुठं? तुमच्याकडचं खातो म्हणजे घरचंच झालं की! का तुमच्या भज्यात काही खोट हाय?" आता याला काय उत्तर द्यायचं? हो म्हणावं तर धंदा बुडतो, नाही म्हणावं तर सोयरीक पक्की होते. मच्छिंद्रनं धंदा वाचवला.

पायल एवढंच म्हणाली, "आप्पा, मी न्हाई सांगणार त्यांना. ते तुम्ही सांगायचं. उद्याच सांगा."

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र मनाशी सगळं ठरवून गल्ल्यावर बसला. देवानंदची मोटारसायकल थांबली. पोरगा लाजत लाजत पाया पडला. आजूबाजूला बारा गिऱ्हाइकं. त्यांच्यासमोर कसं म्हणणार, की जावईबापू, हे खाऊ नका? "पोहे घ्या की, गरम हायेत," मच्छिंद्र म्हणाला. "न्हाई मामा, भजेच," देवानंद म्हणाला. बबलूनं, म्हणजे हॉटेलच्या आचाऱ्यानं, जावई म्हणून मूठभर भजी जास्तच घातली. खाऊन झाल्यावर देवानंदनं पैसे काढले तर मच्छिंद्रनं त्याचा हात धरला. "जावयाकडून पैसे? काय लाज काढता का आमची!"

असं एक दिवस नाही, महिनाभर चाललं. उद्या सांगू, परवा सांगू, सुपारी फुटली की सांगू. रोज सकाळी मच्छिंद्र त्याला खाताना बघायचा आणि आता त्याचं तोंड स्पष्ट दिसायचं. पोरगा बोटं चाटायचा तेव्हा मच्छिंद्र गल्ल्यावरून अर्धवट उठायचा. पण जीभ काही उचलत नव्हती. पूर्वी तो जे विकत होता ते आता फुकट चारत होता, एवढीच काय ती सुधारणा. पायल संध्याकाळी विचारायची, "सांगितलं?" आणि तो म्हणायचा, "सांगून राह्यलो."

सुपारीचा दिवस ठरला. बद्रीनाथांनी निरोप दिला, पाचच माणसं येऊ. तीन जिपा आल्या आणि सव्वीस माणसं उतरली. घर पुरलं नाही, म्हणून हॉटेलच्या शेडमध्येच सतरंज्या टाकल्या. एका कडेच्या बाकांवर नेहमीची गिऱ्हाइकं होती, ती हलली नाहीत. उलट सुपारी बघायला मिळते म्हणून त्यांनी आणखी चहा सांगितला.

मच्छिंद्रनं त्या दिवसाची तयारी आठवडाभर केली होती. व्याह्यांना हॉटेलचं चारायचं नाही, म्हणजे नाही. आता ते आतली माणसं झाले होते. पहाटेपासून देवघरातला डबा फोडून, दैवशाला आणि दोन जावांनी घरच्या चुलीवर करडईच्या तेलात भजी तळली. सगळी तळून झाल्यावर मच्छिंद्रनं उरलेलं तेल फेकून द्यायला लावलं. दैवशालानं डोळे मोठे केले. घाण्याचं तेल, काट्यात हात घालून कापलेली करडई, आणि फेकायचं? "सोयऱ्याचं काम हाय," तो म्हणाला. स्वतःच्या मोठेपणानं त्याचाच ऊर भरून आला होता.

पिवळीधमक भजी परातीतून आली. सव्वीस जणांनी एकेक उचललं. चावलं. थांबले. एकमेकांकडं बघितलं.

बद्रीनाथ भिडस्त नव्हते. "पाव्हणं, राग मानू नका. पण हे तुमचे भजे न्हाईत."

"म्हणजे?"

"याला कच्चा वास येऊन राह्यला. चवच न्हाई. आम्ही मंठ्याच्या बाजाराला जाताना बारा-बारा प्लेट खाऊन गेलेली माणसं. घरची सोयरीक म्हणून हलकं तेल वापरलं का?"

हलकं तेल! मच्छिंद्रच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. अरे, तुम्ही जे खाता त्याच्या तिप्पट भावाचं आहे हे! असं ओरडून सांगावं म्हणून त्याचे ओठ हललेसुद्धा, पण मग पुढचा प्रश्न आपोआप आला असता. मागून एक मावशी शेजारणीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुजबुजली, "गल्ल्यावरची माणसं कवडीचुंबकच असतात बाई." पायल घराच्या बाजूनं शेडच्या खांबाआड उभी होती. तिचा चेहरा उतरलेला मच्छिंद्रला दिसला. सुपारी अजून फुटायची होती.

अण्णासाहेबांनी प्रसंग सावरला. ते उठून शेडच्या तोंडाशी गेले. "बबलू! टाक एक मोठा घाणा कढईत. गरमागरम आण. पाव्हण्याला खरी चव दाखव."

बबलूनं मालकाकडं बघितलं. मालकानं जमिनीकडं बघितलं. बबलूनं टाकला.

तांबूस काळपट भजी आली, वर मीठ लावलेल्या मिरच्या. सगळ्यांचे चेहरे उजळले. "हां! आता कसं!" म्हणत परात साफ झाली, दुसरी मागवली. देवानंद मित्रांच्या घोळक्यात बसून कौतुकानं सगळ्यांना सांगत होता, की आपण रोज हेच खातो. बद्रीनाथांनी मच्छिंद्रच्या पाठीवर थाप मारली, सुपारी फोडली, कुंकू लावलं, उपरणं दिलं. पायलला बोलावून तिच्या ओटीत साडी-नारळ घातलं. झालं. सोयरीक जमली. मच्छिंद्रनं खोल श्वास सोडला.

राहिला होता व्याह्यांचा घास. सुपारी फुटली की दोघा व्याह्यांनी एकमेकांना घास भरवायचा, अशी त्यांची रीत. दैवशाला पेढ्यांचं ताट घेऊन आली, पण बद्रीनाथ आज रंगात होते. "पेढे कुठंही मिळतात. आपली सोयरीक ज्या भज्यावर जमली त्याचाच घास व्हावा." सगळे हसले. त्यांनी परातीतलं चांगलं मोठं भजं निवडलं आणि मच्छिंद्रच्या तोंडाशी नेलं.

मच्छिंद्रचं तोंड आपोआप बाजूला वळलं.

"अहो, घ्या की!"

"मला... उपास हाय."

"बुधवारचा?"

"पित्ताचा त्रास हाय पाव्हणं. घेतो, घेतो, हातात द्या." त्यानं भजं हातात घेतलं. बोटांना तेल लागलं. ते तेल कुठून कुठून गाळून आलंय, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? नुसतं एक भजं. मरत नाही माणूस एका भज्यानं. पोरीच्या सुखासाठी बाप विहिरीत उडी मारतो, इथं तर फक्त तोंड उघडायचं होतं. त्यानं हात वर नेला आणि हात हनुवटीपाशी थांबला. तो काही केल्या पुढं जाईना.

हसणं हळूहळू थांबलं. बाकावरच्या मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली.

बद्रीनाथांचा चेहरा बदलत गेला. "पाव्हणं," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही शेवटचं भजं कधी खाल्ल्तं तुमच्या हाटेलातलं?"

तेव्हा झाऱ्यावरून बबलू बोलला. मालकाची बाजू घ्यावी म्हणूनच बिचारा बोलला. "मालकाला आग्रह करू नका. ते खातच न्हाईत. घरातलं कुणीच खात न्हाई. त्यांचं तेल येगळं असतं, घाण्याचं. सकाळचे भजे त्याच तेलातले होते."

सव्वीस माणसांनी आपापल्या हातातल्या कागदाकडं बघितलं. बद्रीनाथांनी आपला कागद घडी घालून खाली ठेवला. ते ओरडले असते तर मच्छिंद्रला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "म्हणजे पाव्हणं, आम्ही तुम्हाला आपलं माणूस समजून खात व्हतो, आणि तुम्ही आम्हाला गिऱ्हाईक समजून चारत व्हता." मग ते गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. त्यांच्यामागं सगळी सतरंजी उठायला लागली.

मच्छिंद्रला पोरीचं बोलणं आठवलं. पोरगी आता कुणासमोर पाटावर बसणार नाही, आणि ते त्यानंच केलं होतं. भजं अजून त्याच्या हातात होतं. खाल्लं असतं तर? आता खाल्लं तर? तरीही हात हलत नव्हता.

तेव्हा ओटी भरून परत खांबाआड गेलेली पायल पुढं आली. ओटीतला नारळ तिनं आईकडं दिला. बापासमोर येऊन तिनं त्याच्या बोटांतलं भजं काढून घेतलं. "बसा, मामंजी," ती बद्रीनाथांना म्हणाली. "आमच्या घरचा घास राह्यलाय." आणि तिनं ते अख्खं भजं तोंडात घातलं.

"थुंक!" मच्छिंद्र किंचाळला. "थुंक पोरी, थुंक ते!" त्यानं तिची हनुवटी धरली, दुसरा हात खोलगट करून तिच्या तोंडाखाली धरला, ती लहान असताना माती खायची तेव्हा धरायचा तसा. "थुंक म्हणतो ना! जहर हाय ते!"

फाट्यावरून एक ट्रक गेला. त्यानंतर शेडमध्ये कढईतल्या तेलाचा तेवढा आवाज राहिला. बाकावर एकेक प्लेट खाली ठेवली गेली. बबलूनं गॅस बंद केला, कुणी न सांगता.

पायलनं बापाचा हात बाजूला केला. सावकाश चावलं आणि गिळलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं मान खाली घातली नाही.

अर्धवट उठलेले बद्रीनाथ परत खाली बसले. त्यांनी आपल्यापुढचा पाण्याचा तांब्या उचलून तिच्यापुढं केला. "पाणी पी, सूनबाई," ते म्हणाले. मच्छिंद्रकडं त्यांनी बघितलंही नाही.

मित्रांच्या घोळक्यातून देवानंद उठून आला. तो चिडलेला नव्हता. त्याचा चेहरा एखादी बेरीज दोनदा करून बघणाऱ्या माणसासारखा झाला होता. मच्छिंद्रचा हात अजून तसाच, खोलगट केलेला, हवेत होता.

"मामा," देवानंद म्हणाला, "मी सात वर्षं खाल्ले. मागचा एक महिना तर तुम्ही समोर बसून बघून राह्यलेत. मला पण एकदा थुंक म्हणायला पाहिजे व्हतं तुम्ही."